रिकामे गोल

"त्रेपन्न," मी म्हणाले. "नव्वद प्रश्नांतले त्रेपन्न गोल रिकामे. समीक्षा, हा पेपर सोडवलास की रांगोळीचे ठिपके मोजत बसलीस?"

समीक्षा टेबलासमोर खाली मान घालून उभी होती. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, आणि सराव परीक्षेत सलग तिसऱ्यांदा नापास.

"येत नाही ते कसं लिहू, बाई?"

"लिहायचं काहीच नाहीये गं. गोल काळा करायचाय. चारातला कुठलातरी एक."

मी तिला वर्गात पाठवलं आणि स्टाफरूममध्ये एकटीच चरफडत बसले.

आधी ही परीक्षा काय ते सांगते. आठवीच्या मुलांसाठी एक स्कॉलरशिप परीक्षा असते. घरचं उत्पन्न एका मर्यादेच्या आत असेल आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तरच बसता येतं. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला हजार रुपये मुलाच्या खात्यात जमा होतात. पेपर दोन. एक शालेय विषयांचा, म्हणजे गणित, विज्ञान, समाजशास्त्र. दुसरा बुद्धिमत्तेचा. त्यात संख्यांच्या मालिका, आरशातल्या आकृत्या, सांकेतिक भाषा, असला माल. दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. नव्वदपैकी छत्तीस. एका पेपरात नव्वदच्या नव्वद मिळाले आणि दुसऱ्यात पस्तीस, तर घरी बसा. आणि नुसतं पास होऊनही भागत नाही, जिल्ह्याच्या यादीत वर यावं लागतं.

उत्तरं ओएमआर शीटवर द्यायची. प्रत्येक प्रश्नासमोर चार गोल, बरोबर उत्तराचा गोल पेनाने काळा करायचा. खरा पेपर मशीन तपासतं. आमच्या शाळेत मशीन म्हणजे मी. जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा घ्यायचा, बरोबर उत्तरांच्या जागी उदबत्तीने भोकं पाडायची आणि पुठ्ठा पोराच्या शीटवर ठेवायचा. भोकातून जेवढे काळे गोल दिसतील तेवढे मार्क. नव्वद प्रश्न दोन मिनिटांत तपासून होतात.

त्या दिवशी समीक्षाच्या शीटवर पुठ्ठा ठेवला तर भोकातून चौतीस काळे गोल दिसले. तिने सोडवले होते एकूण सदतीस. म्हणजे सदतिसातले चौतीस बरोबर. असा नेम पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. शालेय पेपरात तर तिला अडुसष्ट होते. बुद्धिमत्तेत मात्र दोन मार्कांनी नापास.

चुकलं तर मार्क कापत नाहीत, हे मी पोरांना पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. ते त्रेपन्न गोल तिने डोळे मिटून रंगवले असते तरी दहा-बारा सहज लागले असते. एवढा सरळ हिशोब, आणि वर्गात पहिली येणाऱ्या पोरीला तो कळू नये?

हेडसरांनी त्याच दिवशी मला बोलावलं. आमचे हेडसर तसे भले गृहस्थ. पण जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये तुमच्या शाळेचे किती लागले असं कुणीतरी विचारतं, आणि त्या एका प्रश्नाची त्यांना वर्षभर धास्ती असते.

"बाई, चौघांना बसवतोय आपण. त्यातले तिघे पास होतायत ना?"

"काठावर."

"मग त्यांच्यावर जोर द्या. गुरवाची पोरगी राहू दे आता. फॉर्म भरलाय, बसेल बिचारी. पण तुमचा वेळ तिच्यावर घालवू नका."

"सर, चौघांत हुशार तीच आहे."

"हुशार आहे, पण आळशी आहे. नाहीतर पन्नास-पन्नास प्रश्न कोण सोडतं?"

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन मी तिचा पेपर घरी नेला, आणि तिथे पहिल्यांदा प्रश्नपत्रिका उघडून बघितली. तोवर मी फक्त शीट बघत होते. प्रश्नपत्रिका कोण बघतं?

प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. रिकाम्या सोडलेल्या प्रश्नांतल्या जवळजवळ तिसांत तिने चारातले दोन पर्याय खोडले होते, आणि योग्य तेच खोडले होते. एक-दोन ठिकाणी तर तीन खोडून एकच उरला होता, तरी गोल रिकामा. ही पोरगी आळशी नव्हती. दारापर्यंत जाऊन ती कडी न वाजवता परत येत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं. प्रेमाने विचारलं, रागावून विचारलं. "पक्कं माहीत नव्हतं," एवढंच उत्तर. अजून एक सराव पेपर घेतला. छत्तीस सोडवले, तेहतीस बरोबर. मी कपाळाला हात लावला.

समीक्षाचं या परीक्षेवर काय अडलं होतं ते मला ठाऊक होतं. आमची शाळा लांज्याच्या आतल्या अंगाला, दहावीपर्यंतच. पुढे सायन्स घ्यायचं तर तालुक्याच्या गावी, तिथे राहायचं-खायचं आलं. तिची मोठी बहीण सानिका माझीच विद्यार्थिनी. दहावीला चांगले मार्क पडले होते. तरी काजूच्या फॅक्टरीत लागली, कारण पुढचं जमण्यासारखं नव्हतं. समीक्षाला बीएस्सी नर्सिंग करायचं होतं. मी निबंधाला विषय दिला की कसाही फिरवून ती तिथेच आणायची. आता ही स्कॉलरशिप लागली तर बारावीपर्यंतची वाट मोकळी, नाही लागली तर फॅक्टरीत सानिकाच्या शेजारची खुर्ची. हे मी मनाने रचून सांगत नाही. सानिकाच मला एकदा एसटी स्टँडवर म्हणाली होती, "बाई, तिची जागा धरून ठेवलीय मी." हसत म्हणाली होती, पण मला हसू आलं नाही.

परीक्षेला पाच आठवडे उरले असताना एका रविवारी मी स्कूटर काढली आणि तिच्या वाडीवर गेले. भातकापणी आटपली होती, अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली. सानिका म्हणाली, "बाबा देवळात आहेत, आज कौलाचा दिवस. समीक्षा पण तिथंच आहे, फुलं न्यायला."

मी देवळाकडे वळले. समीक्षाचे वडील गावदेवीचे गुरव. पूजाअर्चा त्यांच्याकडे, आणि कौल लावण्याचं कामही त्यांच्याकडे. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. कोकणात एखादा मोठा निर्णय घेताना देवाला विचारतात. गुरव देवीच्या पाषाणावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग वाट बघायची. उजवीकडची कळी पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरं.

त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ विचारायला आले होते. भावाभावांत जागेवरून बोलणं बंद होतं, आणि समेटाला कुणी पहिलं पाऊल टाकायचं हा प्रश्न होता. समीक्षाचे वडील लगेच कौल लावायला बसले नाहीत. आधी म्हाताऱ्यांना चार प्रश्न विचारले. भावाकडे माणूस पाठवून बघितलात काय, मुलांशी बोललात काय. सगळं करून झालंय याची खात्री पटल्यावर त्यांनी कळ्या लावल्या. उजवी दिलीस तर हे, डावी दिलीस तर ते, असं खणखणीत आवाजात देवीला सांगितलं. मग देऊळ गप्प. समीक्षा हातात फुलांची परडी घेऊन खांबाशी उभी होती. पापणी लवत नव्हती तिची. शाळेत कवायतीला उभी राहते तशी ताठ.

आणि मला माझंच एक वाक्य आठवलं.

मी मूळची सांगली बाजूची. नोकरीला म्हणून इथे आले आणि इथलीच झाले. इथले शब्द उचलले, कधी नीट, कधी नुसते चवीपुरते. स्कॉलरशिपच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी एक विनोद करायची. "जे येतंय ते सोडवा. जे येत नाही तिथं डोळे मिटून कौल लावा." पोरं खो खो हसायची. यंदाही हसली होती. समीक्षा हसली होती की नाही ते मी पाहिलं नव्हतं.

कळी पडली. उजवी. म्हातारे डोळे पुसून उठले. तेच आधी भावाकडे जाणार होते. समीक्षाच्या वडिलांनी मला बघितलं.

"बाई, तुम्ही? पोरीनं काय केलंन काय?"

"तिनं नाही. मी केलंय."

देवळाच्या पायरीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. रिकामे गोल, खोडलेले पर्याय आणि माझा विनोद. समीक्षा बाजूला उभी होती.

"यासाठीच सोडत होतीस ना?" मी विचारलं.

तिने मान हलवली. मग बोलली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. "बाई, कौल काय कुणीही कुठंही लावायचा नसतो. आंघोळ करून, देवीसमोर, बाबांनीच लावायचा. आणि तो खोटा पडला तर? आजोबा सांगायचे, खेळ म्हणून कौल लावला तर देवी पुढं उत्तरच देत नाही. मग गावानं विचारायचं कुणाला?"

म्हणजे तेरा वर्षांची ही पोर गोल रिकामे ठेवून गावाची देवी सांभाळत होती. मी मात्र तिला नापास करत होते, आळशी ठरवत होते. मला खरंच शरम वाटली. "चुकलं माझं," मी म्हणाले. "पण तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बाई आहात," ती म्हणाली.

तिचे वडील मग म्हणाले, "पोरीनं बरोबर केलंन. आणि चूक पण केलंन."

"म्हणजे?"

ते माझ्याशी नाही, तिच्याशी बोलायला लागले. "भात कधी कापायचं ते मी देवीला विचारतो काय गं?"

"नाय."

"मग काय करतो?"

"आभाळ बघता. वारा बघता."

"आणि कापतो. दोन सालांमागं चुकलो, सगळं भात भिजलं. तुझी आये महिनाभर बोलत होती. म्हणून पुढच्या साली कापायचं थांबलो काय? जेवढं माणसाला बघून कळतं तेवढं माणसानं बघायचं, ठरवायचं. चुकलं तर चुकलं. त्यालाच कौल म्हणायचं नाय. आताचे आजोबा आले तेव्हा मी त्यांना आधी काय विचारलं?"

"माणूस पाठवलात काय."

"हां. चारातले दोन तू खोडलेस ना? कशावर खोडलेस?"

"आकृती फिरवून बघितली."

"मग तू आभाळ बघितलंस. आता काप."

मी पंचवीस वर्षं शिकवतेय. त्यात दोन बीएडची वर्कशॉप घेतलीत. संभाव्यता या धड्यावर माझा हातखंडा आहे असं मला वाटायचं. त्या पायरीवर बसून मी मुकाट्याने तो धडा पुन्हा शिकले.

निघताना त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई, ही स्कॉलरशिप दहावीपर्यंतच ना?"

"नाही हो. बारावीपर्यंत."

"फॉर्मवर सही केली, पण ते नव्हतं कुणी सांगितलं." त्यांनी पायरीवरून दिसणाऱ्या आपल्या घराकडे बघितलं. सानिका अंगणात पेंढा सारखा करत होती. "थोरलीच्या वेळी होती काय ही परीक्षा?"

होती. पण आमच्या शाळेने त्या वर्षी एकालाही बसवलं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. ते मला आजही टोचतं.

सोमवारी वर्गात मी आधी माझा विनोद मागे घेतला. चौघांसमोर, फळ्यासमोर उभी राहून. मग पद्धत बदलली. पेपर तीन फेऱ्यांत सोडवायचा. पहिल्या फेरीत पक्के येणारे प्रश्न. दुसऱ्या फेरीत असे, ज्यातला निदान एक पर्याय तरी खोडता येतो. खोडा, उरलेल्यांतून निवडा, गोल भरा. तिसऱ्या फेरीत अजिबात न कळणारे. तिथे सरळ कुठलाही गोल भरा.

"तिसरी फेरी मला नको, बाई," समीक्षा म्हणाली.

"अगं, फुकटचे मार्क आहेत!"

"तिथं मी काहीच बघितलेलं नसतं."

माझ्यातली मास्तरीण तडफडली. पण मी गप्प बसले. एका पायरीवर एवढं शिकून आल्यावर दुसऱ्याच दिवशी विसरायचं नसतं.

पुढच्या सराव पेपरात तिला पंचेचाळीस मिळाले. त्याच्या पुढच्यात एकोणपन्नास. पुठ्ठा शीटवर ठेवला की भोकं भराभर काळी दिसायची आणि मी एकटीच हसायची. हेडसरांनी एकदा दारातून विचारलं, "काय झालं बाई?" मी म्हणाले, "आभाळ मोकळं झालंय सर." ते बाहेर बघून आले.

परीक्षेच्या दिवशी तालुक्याच्या केंद्रावर मी चौघांना घेऊन गेले. बुद्धिमत्तेचा पेपर आधी झाला. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत पेपरबद्दल विचारायचं नाही हा माझा नियम. एका पेपराचं दुःख दुसऱ्यात जातं. मी सगळ्यांना घावणे वाढले आणि तोंडाला कुलूप लावलं. समीक्षाच आपणहून म्हणाली, "सात सोडले."

सात. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. घावण्याबरोबर गिळून टाकलं.

निकाल वेबसाइटवर लागतो. आमच्या गावात नेट धरायचं तर वर सड्यावर जावं लागतं. सडा म्हणजे कातळाचा उघडा माळ. तिथे आंब्याच्या कलमाखाली एक दगड आहे, त्या दगडावर दोन काड्या रेंज मिळते. शाळा सुटल्यावर समीक्षाला घेऊन मी तिथे गेले. आधी फक्त मार्क लागतात, निवड यादी नंतर येते. तिचा नंबर टाकला. गोल फिरत राहिला. मग आलं. बुद्धिमत्ता एक्कावन्न, शालेय सत्तर.

"पास," मी म्हणाले. समीक्षाने मोबाइल हातात घेऊन दोनदा वाचलं आणि म्हणाली, "यादीत यायचं अजून राहिलंय, बाई."

बरोबर बोलली. यादीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. चौघेही पास होते. पण जिल्ह्याच्या यादीत आमच्या शाळेचं एकच नाव आलं, समीक्षाचं, तेही जवळजवळ तळाला. खालून पाचवं. ते सात गोल भरले असते तर नाव जरा वर सरकलं असतं. स्कॉलरशिप तेवढीच मिळाली असती.

हेडसरांनी पेढे आणले. "मी म्हणत होतो ना बाई, पोरगी हुशार आहे." मी पेढा खाल्ला. पेढा चांगला होता.

गुरवांना सांगायला मीच गेले. ते देवीची वस्त्रं आवरत होते. ऐकून हात थांबले, डोळे भरले. मग विचारलं, "सात सोडलंन म्हणत होती?"

"हो."

"बरं केलंन."

बाहेर सानिका उभी होती, फॅक्टरीतून नुकतीच आलेली. तिने बहिणीच्या डोक्यात टपली मारली. म्हणाली, "जा, तुझी जागा दिली दुसरीला." आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, नोकरी करून बारावीला बाहेरून बसता येतं ना? कुठला तो फॉर्म असतो?" तो सतरा नंबरचा फॉर्म मी दुसऱ्या दिवशी भरून घ्यायला सुरुवात केली. शाळेने तिच्या वर्षी जे केलं नव्हतं, त्याची थोडीतरी भरपाई.

आता माझ्या सराव परीक्षांत अंदाजाने गोल भरायला बंदी आहे. तिसरी फेरी फक्त खऱ्या परीक्षेत, आणि तीही ज्याला पटेल त्याने. इतकी वर्षं पोरांच्या गच्च भरलेल्या शीटांवर मी पुठ्ठा ठेवत होते. मार्क कळत होते. पण कुठल्या पोराला काय येत नाही ते कधी कळलं नव्हतं, कारण न येणाऱ्या जागा अंदाजाने झाकलेल्या होत्या. समीक्षाच्या रिकाम्या गोलांनी मात्र मला तिचं सगळं सांगितलं होतं. वाचता मला येत नव्हतं.

यंदा सराव परीक्षेची सरासरी साहजिकच खाली आलीय. परवा हेडसर तक्ता घेऊन आले, काळजीत होते.

"बाई, यंदाची बॅच कच्ची दिसतेय."

"नाही सर," मी म्हणाले, "यंदा मार्क खरे आहेत."